वळचणीची अ‍ॅल्युमिनियम लूव्हर जाळी: पुण्याच्या पत्र्याच्या छपरासाठी कशी?

गच्चीवर उतरते पत्रे, खाली फॉल्स सीलिंग आणि माथ्यावर टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर ओढणारा पंखा), अशी रचना पुण्यात सर्रास दिसते. मात्र वळचणीला हवा आत यायला वाटच नसते. मग हा पंखा सीलिंगच्या फटींतून खोलीतली हवा ओढतो आणि पत्रे व सीलिंगमधला पोटमाळा तापलेलाच राहतो.

त्यासाठी बारा बाय चार इंची लूव्हर जाळी, म्हणजे तिरक्या पात्यांची जाळी, चांगली. हिशोब सोपा: हवेसाठी मोकळी जागा सीलिंगच्या एकूण क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाइतकी, निम्मी खाली, निम्मी वर. म्हणजे ६०० चौरस फुटांना वळचणीत १ चौरस फूट, अर्थात १४४ चौरस इंच. पाती वगळता एका जाळीत निम्मी, २४ चौरस इंच जागा उरली, तर सहा नग लागतात. प्रत्येक बाजूला तीन.

वळचणीखालच्या सिमेंट बोर्डला जिगसॉने भोक पाडा, मास्क लावूनच. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. वळचणीच्या उभ्या पट्टीवर बसवताना पात्यांची तोंडं खाली हवीत, सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना. खालची कड मोकळी, म्हणजे पावसाचं पाणी निथळतं.

खटकते ती मागची बारीक मच्छरजाळी. रस्त्याच्या धुळीने ती बुजते. कबुतरं रोखायला अर्धा इंची वेल्डमेश (तारांची चौकोनी जाळी) पुरते. बारीक जाळी ठेवलीच तर नग वाढवा आणि दर उन्हाळ्याआधी ब्रश मारा. सीलिंगवरचं ग्लासवूल (उष्णता रोखणारा काचतंतूंचा थर) वळचणीपर्यंत सरकलं असेल तर आधी ते मागे घ्या, नाहीतर सगळा खर्च वाया.