दोन संग्रह, एक संग्राहक: ऑक्सफर्डचे पिट रिव्हर्स संग्रहालय

ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पुरातत्त्वज्ञ जनरल पिट-रिव्हर्स यांनी दिलेल्या संग्रहातून १८८४ मध्ये उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात वस्तू देशानुसार नव्हे, तर प्रकारानुसार मांडल्या आहेत आणि तुलनेची आवड असलेल्यांसाठी ही मोठीच सोय आहे. ऑस्ट्रेलियातील अरुंद ढाल निरखून पाहावी: तिची मूठ वेगळी जोडलेली नसून त्याच लाकडात कोरलेली असते, तर आफ्रिकेतील अनेक ढाली कातड्याच्या असतात. साध्या आकारातून गुंतागुंतीचे आकार क्रमाने घडले, हा जनरलसाहेबांचा सिद्धांत आता मागे पडला असला, तरी त्यासाठी योजलेली मांडणी अजूनही डोळ्यांना विचार करायला लावते. कपाटे दाटीवाटीची, प्रकाश मंद; पाटीवरचे बारीक अक्षर वाचताना दमछाक होते.

ऑक्सफर्डमधल्या या पहिल्या संग्रहात शस्त्रांचा भरणा आहे. डॉर्सेटमधील फार्नम येथे त्यांनी नंतर जमवलेल्या दुसऱ्या संग्रहात मात्र शेतीची अवजारे, मातीची भांडी, कुलपे-किल्ल्या आणि १८९७ नंतर बाजारात आलेली, ब्रिटिशांच्या लुटीतली बेनिन राज्याची (आजच्या नायजेरियातील) शिल्पेही होती. माझ्या मते हाच संग्रह अधिक रोचक. परंतु विसाव्या शतकात तो विखुरला गेल्याने त्याची तुलना आता मुख्यतः जुन्या सचित्र नोंदवह्यांवरूनच करावी लागते.