विदेशी गाडी आणण्यापूर्वी घेतलेला सल्ला
ब्रिटनहून नागपूरला परतणाऱ्या भाच्याने आपली गाडी सोबत आणावी का, हे विचारण्यासाठी आम्ही धरमपेठेतील एका आयात सल्लागारांकडे गेलो होतो. त्यांनी शुल्काचे आकडे मांडण्याआधी डॅशबोर्डचा फोटो मागितला आणि वेगमापकातील मैलांच्या ठळक आकड्यांवर पेनाचे टोक ठेवून, आपल्याकडे तो किलोमीटर दाखवणाराच लागतो, हे समजावले. उजव्या बाजूच्या स्टीअरिंगचा प्रश्न नव्हता. अडले ते वयावर, कारण वापरलेली गाडी उत्पादनापासून ३ वर्षांच्या आतली असावी लागते आणि आम्ही नोंदणीची तारीख धरून बसलो होतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेतील चाचणीचा खर्च त्यांनी दुसऱ्या भेटीपर्यंत सांगितला नाही, हे खटकले. तरी गाडी आणू नका, हा स्वतःचे काम बुडवणारा सल्ला त्यांनी स्पष्टपणे दिला. भाच्याने गाडी तिकडेच विकली.