चर्चचा विस्तार की मिस्सांची फेरमांडणी? वर्गणीचा आकडा लिहिण्यापूर्वी

ठाण्यातील आमच्या धर्मग्रामात (एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक भाविकांच्या समुदायात) चर्चची इमारत वाढवण्याचा प्रस्ताव आला असून प्रत्येक कुटुंबाने आपल्या वर्गणीचा आकडा लवकरच कळवायचा आहे. ज्यांचा निर्णय अजून झालेला नाही, त्यांच्यासाठी विस्तार आणि त्याला असलेले पर्याय येथे शेजारी शेजारी ठेवत आहे. माझा कल कोणीकडे आहे, तेही लपवणार नाही.

चर्चमध्ये जागा अपुरी पडते, हे कोणीच नाकारत नाही. प्रश्न आहे तो कोणत्या दिवशी अपुरी पडते हा. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा (धर्मगुरू अर्पण करतात ती मुख्य उपासना), झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) आणि गुड फ्रायडे या दिवशी माणसे आवारातील मांडवात उभी असतात. एरवी रविवारी सकाळची मुख्य मिस्सा तेवढी भरते आणि पहाटेच्या व संध्याकाळच्या मिस्सेला मागचे बाक रिकामे राहतात. सणाच्या गर्दीच्या मापाने बांधलेली इमारत उरलेले वर्षभर अर्धी रिकामी राहील, अशी मला शंका आहे. मात्र विस्ताराच्या बाजूचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो. धर्मशिक्षणाचे वर्ग आज व्हरांड्यात भरतात, आणि पावसाळ्यात मुलांना भिंतीला चिकटून बसावे लागते. ही अडचण मिस्सेची वेळ बदलून सुटणारी नाही.

मिस्सांची संख्या वाढवण्याला मर्यादा आहेत, पण त्या बहुतेकांना वाटतात तितक्या कडक नाहीत. कॅनन लॉनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, धर्मगुरूंनी साधारणतः दिवसाला एकच मिस्सा अर्पण करायची असते. तथापि पुरेसे धर्मगुरू नसतील, तर धर्माधिकारी (बिशप किंवा त्यांचे अधिकृत प्रतिनिधी) इतर दिवशी दोन आणि गरज पडल्यास रविवारी व सक्तीच्या सणांना तीन मिस्सांची परवानगी देऊ शकतात. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारी मिस्सेला येण्याचे कर्तव्य पूर्ण होते. म्हणून आपले धर्मगुरू सध्या किती मिस्सा घेतात, हा पहिला प्रश्न सभेत विचारायला हवा. ते आधीच मर्यादेपर्यंत पोहोचले असतील, तर विस्ताराची बाजू निश्चितच बळकट होते.

मानपाडा, कासारवडवली या भागांत राहायला गेलेल्या कुटुंबांची अडचण आसनांची नसून रस्त्याची आहे. घोडबंदर रोडवरची वाहतूककोंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन दर रविवारी येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्यांच्यासाठी भाड्याच्या सभागृहात मिस्सा सुरू केली, तर मूळ चर्चमधील गर्दीही हलकी होईल. यात तोटाही आहे: गायकवृंद विभागला जाईल, आणि ज्या वेदीपुढे आपले बाप्तिस्मे व लग्ने झाली, तिच्यापासून काही कुटुंबे दुरावतील. एकाच छताखाली सर्वांनी जमण्याची ओढ मी स्वतः जाणतो.

सर्वांत जास्त काळजी मला बांधकामाची वाटते. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्यानुसार आवश्यक आहे, आणि आपल्या इमारतीचा तो अहवाल अजून भाविकांपुढे आलेला नाही. भिंतींवर भार असलेल्या जुन्या वास्तूची बाजूची भिंत फोडून चर्चचे मुख्य सभागृह रुंद करायचे झाल्यास तो भार आधी दुसरीकडे वळवावा लागतो. नवा पाया जुन्यापेक्षा वेगळ्या गतीने खचला, तर सांध्यावर तडे जातात. शिवाय दोन छते जिथे मिळतात, तिथेच पाणी मुरते. ठाण्याच्या पावसात ही गळती दरवर्षीच्या खर्चाचे कारण होईल.

पैशाच्या बाबतीत काही नियम लक्षात ठेवावेत. विशिष्ट हेतूसाठी दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे लागते, त्यामुळे विस्तारासाठी दिलेली रक्कम नंतर छताच्या दुरुस्तीकडे किंवा गरजूंच्या मदतीकडे सहज वळवता येणार नाही. चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर कर्ज घेण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीबाबतचे नियमही तपासावे लागतात. कॅनन लॉप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे. खर्चाचा अंदाज तिच्याकडून लेखी मागण्यात अविश्वास नाही.

माझ्या वर्गणीच्या पत्रावर मी दोन वेगळे आकडे लिहिणार आहे. धर्मशिक्षणाच्या खोल्या आणि छताची दुरुस्ती यांसाठीची रक्कम या महिन्यातच देईन. सभागृह रुंद करण्यासाठीची रक्कम मात्र तपासणीचा अहवाल आणि प्रत्येक मिस्सेच्या उपस्थितीची मोजणी सूचनाफलकावर लागल्यानंतर.