ओटीपोटातली मोठी शीर बंद: मोज्यांवर राहावं की स्टेंट बसवावा?

पायातली गुठळी विरघळली नाही, जुनी होऊन घट्ट झाली आणि मांडीच्या वरची मोठी शीर, म्हणजे इलियाक व्हेन, बंदच राहिली, तर पुढे दोन वाटा असतात. दाबाचे मोजे घालून आहे त्या पायाला सांभाळायचं, किंवा शीर आतून उघडून स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवायचा. माझी डावी शीर अशीच बंद आहे आणि मी मोज्यांवर राहते, पण प्रत्येकाने तेच करावं असं मला अजिबात वाटत नाही.

बहुधा डावीच शीर बंद होते, कारण उजव्या पायाकडे जाणारी धमनी तिच्यावरून जाते आणि तिला मणक्यावर दाबते. मे आणि थर्नर या डॉक्टरांनी १९५७ मध्ये हे नोंदवलं. शीर बंद झाली तरी रक्त आडवाटेने वर जातं: पाठीतून, ओटीपोटातून, कधी जांघेच्या वर त्वचेखाली फुगलेल्या शिरांतून. या शिरा 'व्हेरिकोज' समजून कुणी काढायला निघालं तर आधी थांबवा, तुमचं रक्त त्यांच्यातूनच चाललंय. आडवाटा भक्कम असतील तर माणूस वर्षानुवर्षं नीट हिंडतो-फिरतो. म्हणून रिपोर्टवर 'पूर्ण बंद' वाचून लगेच ॲडमिशनची तारीख घेऊ नये.

स्टेंट घातला की रक्त पातळ करणारी गोळी सुटते, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. पहिले काही महिने तर ती एक दिवसही चुकवून चालत नाही आणि जुन्या गुठळीच्या शिरेत स्टेंट असेल तर बहुधा पुढेही चालू ठेवतात. नुसत्या मोज्यांवर असणाऱ्यांना किमान सहा महिन्यांनंतर कमी डोसवर येण्याची शक्यता असते, उदाहरणार्थ अपिक्साबान २.५ मिग्रॅ दोनदा किंवा रिव्हारॉक्साबान १० मिग्रॅ एकदा. ते डॉक्टरांनीच ठरवायचं. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिनवर असाल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं ते सांगणारा तपासणीतला आकडा, साधारण २ ते ३ मध्ये हवा. पालेभाजीने तो हलतो, पण त्यासाठी ती सोडू नका, रोज सारख्याच बेताने खा. गोळी कुठलीही असो, अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक आणून घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मोज्यांचं म्हणाल तर ते कष्टाचं काम आहे. सहसा क्लास २ चे देतात, म्हणजे घोट्यापाशी पाऱ्याचा २३ ते ३२ मिलिमीटर दाब. सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच चढवायचे, पाय सुजल्यावर ते चढत नाहीत. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दिवसभर ते पायात ठेवणं म्हणजे परीक्षाच. पावसाळ्यात एक जोड वाळेपर्यंत दुसरा लागतो. मधुमेह किंवा धमन्यांचा त्रास असेल तर आधी पायाची धमनी तपासून घ्या. आणि हेही खरं की गुठळीनंतरचा दीर्घकाळचा त्रास मोज्यांनी टळत नाही, असं २०१४ च्या 'सॉक्स' या मोठ्या चाचणीत दिसलं. त्यांचा उपयोग जडपणा आणि सूज आवरण्यापुरता. तो उपयोगही जाणवत नसेल तर अपराधी वाटून घेत ते ओढत बसू नका. मला स्वतःला मोज्यांइतकाच चालण्याचा आधार वाटतो, कारण पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. एसटीत लांबचा प्रवास असला की मी गाडी थांबेल तिथे उतरते.

स्टेंटची जमेची बाजू मोठी आहे: जमला तर मांडीचं फुटेल असं भरून येणं आणि सूज ठळकपणे कमी होते. पण दोन गोष्टी आधी विचारा. मांडीतल्या शिरांतून वर पुरेसं रक्त येतंय का? खालूनच प्रवाह कमी असेल तर स्टेंट टिकत नाही. आणि बंद पडला तर पुढे काय? जुन्या गुठळीच्या शिरांत साधारण पाचातल्या एकाचा स्टेंट पहिल्या वर्षातच बंद पडतो किंवा त्यावर पुन्हा काम करावं लागतं; बरेचसे तसे पुन्हा उघडताही येतात. स्टेंट बसवल्यावर काही दिवस कंबर दुखते, त्याने घाबरू नका. खर्चाचं आधीच लेखी घ्या. २०१७ मध्ये किमतीवर मर्यादा आली ती हृदयाच्या स्टेंटना, शिरेच्या नव्हे.

मग कुणी काय निवडावं? थोडं चाललं की मांडी ताठरते, थांबून पाय वर केल्याशिवाय मोकळी होत नाही, किंवा घोट्याच्या आतल्या बाजूची जखम भरतच नाही, अशांनी स्टेंटबद्दल अनुभवी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) तज्ज्ञाशी जरूर बोलावं. पाय संध्याकाळी जड होतो, पण कामधंदा, जिना, बाजार सगळं होतं, अशांनी घाई करू नये. तिशीतल्या माणसाला तो स्टेंट पुढची चाळीस वर्षं वागवायचा आहे, आणि खास शिरांसाठीच्या स्टेंटना अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली तीच २०१९ मध्ये. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच सांगा. या गोळ्या बदलून हेपॅरिनची इंजेक्शनं घ्यावी लागतात.

कुठलीही वाट निवडली असो, पाय अचानक जास्त सुजला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताजी गुठळी पहिल्या दोन आठवड्यांत काढता किंवा विरघळवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.