पीएचसी: इमारत चांगली, औषधं बरी, डॉक्टर अर्धे

ग्रामीण विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पाचपैकी तीन. कापलेले दोन्ही गुण डॉक्टरच्या वेळेचे.

निकष असा: सपाटीवर 30,000 लोकसंख्येला एक केंद्र, मेळघाट-भामरागडसारख्या आदिवासी भागात 20,000 ला. वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं साधारण दोन, म्हणजे सपाटीवर कागदोपत्री 15,000 माणसांमागे एक डॉक्टर. त्यातले एक रजेवर किंवा डेप्युटेशनवर गेले की ओपीडी, बाळंतपणं, रात्रीच्या इमर्जन्सी, जिल्ह्याची मीटिंग, कोर्टाची साक्ष, सगळं उरलेल्या एकाच्या गळ्यात. सकाळच्या चार तासांत शंभर केसपेपर निघाले तर माणशी अडीच मिनिटंही येत नाहीत. बीपी मोजण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचं असतं. इथं तो रांगेतून उठतो आणि थेट दंडाला पट्टा. आकडा चढा आला तर बाहेरच्या बाकावर टेका आणि सिस्टरना पुन्हा मोजायला सांगा.

सोमवार आणि बाजाराचा दिवस टाळा. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी तर इथं यायचं कामच नाही. उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी असते. तिथले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) तपासून गोळ्या देतात, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर डॉक्टरांशी बोलणंही लावून देतात. रेंज गेली की ते बोलणं तिथंच थांबतं, हेही खरं. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत असू द्या, ‘ती पांढरी गोळी’ यावर तुमचीच मिनिटं खर्च होतात. केसपेपरचे पैसे 15 ऑगस्ट 2023 पासून बंद आहेत.

साप चावला तर हिशेब वेगळा. 108 ला फोन करा आणि निघतानाच आशाताईंकडून दोन गोष्टी विचारून घ्या: डॉक्टर मुख्यालयी आहेत का, आणि सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या व्हायल किती आहेत. सुरुवातीलाच 8-10 लागतात. मण्यारीच्या विषानं श्वास थांबू शकतो आणि व्हेंटिलेटर पीएचसीत नसतो, म्हणून पहिला डोस इथं सुरू झाला तरी पुढच्या गाडीची सोय आधीच हवी.

फवारणीच्या विषबाधेत कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि औषधाची बाटली लेबलासकट न्या. ॲट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे ठरवायला डॉक्टरांना त्या लेबलाची मोठी मदत होते.