सिंगरमध्ये ग नाही: केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश उच्चारासाठी कितपत कामाचा?

इंग्रजीत नाकातून येणारी व्यंजनं तीनच: म, न आणि ङ. पहिली दोन मराठी माणसाला फारसा त्रास देत नाहीत, सगळा घोळ ङचा. 'सिंगर' आणि 'फिंगर' आपण एकाच पद्धतीनं लिहितो आणि एकाच पद्धतीनं म्हणतो. प्रमाण इंग्रजीत मात्र पहिला शब्द 'सिङर' आहे, दुसरा 'फिङ्गर'. हा फरक पक्का करायला केंब्रिज डिक्शनरीचं संकेतस्थळ उत्तम आहे, फक्त ते नीट वापरता आलं पाहिजे.

संकेतस्थळ मोफत आहे, जाहिराती सोसाव्या लागतात. शब्द टाकला की ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन स्पीकर दिसतात, शेजारी उच्चारलिपी. बहुतेक जण स्पीकर दाबतात आणि पुढे जातात. ङच्या बाबतीत हे उलटं करायला हवं. आपल्या कानाला ङनंतर ग ऐकायची इतकी सवय असते की नसलेला गसुद्धा ऐकू येतो. म्हणून आधी लिपी वाचा, मग ऐका. 'सिंगर'च्या लिपीत शेपटीवाला एन (उजवा पाय खाली जाऊन आत वळलेला) दिसेल, मग टिंब, मग थेट स्वर. 'फिंगर'मध्ये टिंबानंतर जी उभा आहे. टिंब म्हणजे अक्षरावयवाची (सिलॅबलची) फोड.

दहा-बारा शब्द असे पाहिले की नियम आपोआप हाती लागतो. शब्दाच्या शेवटी ग नाही: साँग, लाँग, टंग. क्रियापदाला जोडलेल्या -इंग आणि -अर आधीही नाही: सिंगिंग, हँगर. मूळ शब्दाच्या पोटात असेल तर ग आहे: अँगर, हंगर, सिंगल, इंग्लिश. अपवाद लाँग, स्ट्राँग आणि यंग या तीन विशेषणांचा. 'अधिक' आणि 'सर्वांत' या अर्थाची रूपं होताना यांच्यात ग परत येतो: लाँगर, स्ट्राँगेस्ट, यंगर. 'डेंजर', 'स्ट्रेंजर' वेगळ्याच जातीचे. तिथे साधा न आणि पुढे ज. (मँचेस्टर-बर्मिंगहॅमकडच्या बोलीत 'सिंगर'लाही ग लागतो. म्हणजे आपला उच्चार अगदीच निराधार नाही, पण शब्दकोशातला ब्रिटिश आवाज तिकडचा नाही.)

तोंडानं काय करायचं हे शब्दकोश सांगत नाही, ते इथे देतो. 'अंक' म्हणायला सुरुवात करा आणि कच्या आधी थांबा; जीभ मागे टाळूला टेकलेली, आवाज नाकातून चालू. हाच ङ. नाक चिमटीत धरलं की आवाज बंद पडला पाहिजे. 'वाङ्मय' हा शब्द 'वांग्मय' न करता म्हणता येत असेल तर हा आवाज तुमच्याकडे आहेच. ग घुसतो तो पुढे स्वर आला की. जीभ सुटण्याआधीच पडजीभ उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते, मागे कोंडलेली हवा जीभ सुटताना फुटते आणि तोच ग ऐकू येतो. उपाय एकच: जीभ पूर्ण खाली येईपर्यंत गुणगुणणं थांबवायचं नाही. आधी 'सिङऽऽ', मग त्याच श्वासात 'अर'.

नची एक गोष्ट लिपीत दिसत नाही, तिथे मात्र कानच लावावा लागतो. 'अंडर', 'सेंटर' म्हणताना आपण ट-ड मूर्धन्य करतो, म्हणजे जिभेचं टोक मागे वळवून म्हणतो, आणि त्यांच्या ओढीनं नचा ण होतो. इंग्रजीत जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीवरच राहतं, मागे वळत नाही. स्पीकर दोनतीनदा दाबा, फरक कळतो.

मच्या शब्दांत लिपी एका नजरेत निकाल लावते. 'प्लंबर' आणि 'बाँबर' यांत ब नाहीच: 'प्लमर', 'बॉमर'. आकडा या अर्थाच्या 'नंबर'मध्ये ब आहे; 'अधिक बधिर' या अर्थी, त्याच स्पेलिंगच्या शब्दात नाही. 'ऑटम'चा शेवट मवर होतो, पण 'ऑटम्नल'मध्ये न जागा होतो.

उणीव मोठी आहे ती वाक्याची. आवाज सुट्या शब्दाचा आहे. बोलताना 'टेन पाउंड्स'चं 'टेम पाउंड्स' होतं आणि 'टेन कप्स'मधला न ङकडे झुकतो, कारण ओठ किंवा जीभ पुढच्या व्यंजनाची तयारी आधीच करतात. यासाठी यूग्लिश हे संकेतस्थळ जोडीला ठेवा: शब्दसमूह टाका, ब्रिटिश किंवा अमेरिकन निवडा, वेग पाऊणपट करा. ते यूट्यूबवरच्या व्हिडिओंतून नेमका तो तुकडा काढून देतं. बोलणारे नाना तऱ्हेचे असतात, म्हणून एका क्लिपवर विसंबू नका.

तुमचा उच्चार तपासून देण्याची सोय या दोन्हींत शोधू नका. फोनचं व्हॉइस टायपिंगही इथे उपयोगाचं नाही. गसकट 'सिंगर' म्हटलं तरी ते संदर्भावरून शब्द बरोबर टाइप करतं. साध्या रेकॉर्डरवर 'सिंगर, फिंगर, हँगर, अँगर' ओळीनं म्हणा आणि शब्दकोशाच्या आवाजाशेजारी लावून ऐका.