अठरा पूर्ण झाल्यावर राहायचं कुठे: अनुरक्षणगृह, गट-निवास, वसतिगृह की किरायाची खोली

नागपुरात बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपुढे राहण्याचे साधारण चार रस्ते असतात. शासकीय अनुरक्षणगृह, म्हणजे अठरानंतर संस्था सोडणाऱ्यांच्या राहण्या-जेवणाचं सरकारी गृह (मुलींच्या बाबतीत बहुतेकदा शासकीय महिला वसतिगृह), एखाद्या संस्थेनं घेतलेल्या घरातलं गट-निवास, शिक्षण चालू असेल तर वसतिगृह, आणि दोघातिघांनी मिळून किरायानं घेतलेली खोली. साडेसतराच्या आसपास असलेल्यांनी आणि त्यांच्याबरोबर हा निर्णय घेणाऱ्या अधीक्षकांनी, समुपदेशकांनी हे चारही शेजारी ठेवून पाहावेत म्हणून हा आढावा.

आमचं मत आधीच सांगतो. गट-निवासात जागा मिळत असेल तर ती सोडू नका. ती नसेल तर शिकणाऱ्यानं वसतिगृह धरावं. कमावणाऱ्यानं खोली जरूर घ्यावी, पण तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडल्यावर. अनुरक्षणगृह कुणासाठी, ते पुढे येईलच.

कायद्यात काय आहे

बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 मध्ये, अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्याला आर्थिक मदत देता येईल, असं म्हटलं आहे. ‘देता येईल’ हा शब्द नीट वाचा. ही मदत आपोआप चालत येत नाही, मागावी लागते, आणि तिच्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश लागतो (विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याच्या आरोपावरून संस्थेत आलेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळाचा किंवा बाल न्यायालयाचा). अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा हा आधार, 21 वर्षांपर्यंत मिळतं, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत 6 ते 8 जणांचं तात्पुरतं गट-निवास, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन आणि नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून अनुरक्षणासाठी दरमहा 4,000 रुपये मिळतात. ते जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत थेट खात्यात येतात.

संस्था सोडायच्या दोन महिने आधी मुलाचा पुढचा आराखडा समितीपुढे जायला हवा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. वाढदिवस मे महिन्यात, आराखडा एप्रिलच्या शेवटी, समितीची तारीख जूनमध्ये. मधल्या काळात मूल मित्राच्या खोलीवर. म्हणून सतरा वर्षं सहा महिने झाले की आराखड्याचा विषय काढा आणि तुमची मागणी लेखी द्या. पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.

दार कधी बंद होतं

ही बाब क्षुल्लक वाटते, पण नोकरी टिकण्या-सुटण्याचं ते मोठं कारण आहे. हिंगणा एमआयडीसी किंवा बुटीबोरीत दुसरी पाळी साधारण तीन ते अकराची असते. अनुरक्षणगृह आणि वसतिगृहाचं फाटक रात्री आठ-नऊला लागतं. पाळी बदलली की मुलापुढे दोनच वाटा उरतात: नोकरी सोडणं किंवा रोज माफीनामा लिहिणं. कारखान्यात लागायचं ठरवलं असेल, तर प्रवेश घेतानाच विचारा की कंपनीचं पाळीपत्रक दाखवल्यावर उशिराची लेखी परवानगी मिळते का. अधीक्षकांच्या तोंडी ‘हो’वर भरवसा ठेवू नका. अधीक्षकांची बदली होते.

गट-निवासात किल्ली प्रत्येकाकडे असायला हवी. एकच किल्ली आणि ती काळजीवाहकाकडे असेल, तर ते छोटं बालगृहच झालं. खोलीत हा प्रश्न नाही, पण घरमालक त्याच घरात राहत असेल तर अकरानंतर फाटक उघडणार का, हे करार करण्याआधी विचारलेलं बरं. लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनमुळे हिंगण्याचं काम सोपं झालं आहे. बुटीबोरीला मात्र मेट्रो खापरीपर्यंतच नेते, पुढे बस किंवा शेअर ऑटो. रात्री अकराला सुटल्यावर परत यायचं कसं, ते एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा, मगच खोली ठरवा.

पैशाचा हिशेब

चार हजारांत एकट्यानं भागत नाही. दोघांत 4,500 ची खोली धरली तर एकाच्या वाट्याला 2,250. दोन वेळची मेस 2,800, प्रवास 800, मोबाईल 300, साबण-औषध-किरकोळ 400, उन्हाळ्यात विजेचा वाटा 325. बेरीज 6,875. म्हणजे मदत वेळेवर आली तरी दरमहा 2,875 रुपये कमी पडतात, आणि ती दर महिन्याच्या एक तारखेला येईल असं धरून चालता येत नाही. पहिल्या दिवशीचा खर्च वेगळाच: दोन महिन्यांच्या डिपॉझिटचा अर्धा वाटा 4,500, पहिला किराया 2,250, मेसचे आगाऊ 2,800, गादी-बादली-भांडी 3,000. साडेबारा हजार झाले. वर तीन महिन्यांचा खर्च म्हणून सुमारे 21,000 बाजूला हवेत, हे आम्ही यासाठीच म्हणतो. आपल्या गल्लीतले आकडे टाकून हा हिशेब प्रत्येकानं स्वतःच्या हातानं करावा.

अनुरक्षणगृहात राहणं-जेवण फुकट, पण हातात रोख फारशी येत नाही. त्यामुळे पैसा वापरायची सवय लागत नाही, आणि एकविसाव्या वर्षी प्रश्न तिथेच उभा राहतो. जो दहावी-बारावी अर्धवट सोडून बाहेर पडतो आहे, ज्याची तब्येत बरी नाही किंवा ज्याला जवळचं कुणीच नाही, त्यानं मात्र संकोच न करता हाच पर्याय घ्यावा. राज्यात अशी गृहं मोजकी आहेत, त्यामुळे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जागेची चौकशी लवकर करा.

शिकणाऱ्याचं गणित थोडं बरं आहे. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून नागपुरात वर्षाला 60,000 रुपये मिळू शकतात: भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं आणि इतर मागास विद्यार्थ्यांसाठी आधार या योजना त्याच धर्तीवर आहेत. अडचण अशी की या सगळ्यांना जातीचा दाखला लागतो, आणि संस्थेत वाढलेल्या कित्येकांकडे वडिलांच्या बाजूचा एकही पुरावा नसतो. शिवाय हप्ता सत्राच्या मागून येतो, मेसवाला थांबत नाही. अनाथ प्रमाणपत्र असेल तर शिक्षणात आणि शासकीय नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण मिळतं, आणि 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काच्या माफीतही अनाथ मुलगे-मुली दोघंही येतात. श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयसारख्या ठिकाणी प्रवेशाचा अर्ज भरताना ‘अनाथ’चा रकाना रिकामा सोडू नका.

गट-निवास आतून कसं चालतं

आम्ही याला पहिली पसंती देतो, कारण इथे चूक करायला वाव असतो आणि चुकल्यावर सावरायला माणूसही असतो. मेसचे पैसे वीस तारखेलाच संपले तर दहा दिवस उपाशी राहावं लागत नाही, पण ते का संपले हे वहीत दिसतं. खोलीवर असल्या चुकीचं कर्ज होतं. अनुरक्षणगृहात ती चूक घडतच नाही.

बालगृहातल्या मुलांना काम येत नाही असं नाही. दहा किलो बटाटे सोलणं, साठ जणांच्या पोळ्या लाटणं त्यांना येतं. एकट्यापुरतं किती, हे येत नाही. पहिल्या आठवड्यात पातेलंभर भात होतो आणि सकाळी फेकला जातो. मोठ्या माणसाच्या एका वेळेला एक छोटी वाटी, म्हणजे सुमारे 100 ग्रॅम तांदूळ आणि त्याच्या निम्मी तूरडाळ पुरते. हे बालगृहात असतानाच शिकवता येतं: शेवटच्या तीन महिन्यांत आठवड्यातून एक दिवस दोघांना 200 रुपये द्या, बाजारातून आणून दोन वेळचं त्यांनीच रांधावं.

गट-निवास मोडतं ते भांड्यांवरून आणि विजेच्या बिलावरून. एक जण कमावतो, दुसरा शिकतो, तिसऱ्याची नोकरी गेलेली असते, आणि कॉन्ट्री मात्र सारखीच. चांगल्या घरात कमावणारा जास्त भरतो आणि हे आधीच लिहिलेलं असतं. प्रवेश घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराच. नोकरी सुटली तर किती दिवस राहता येईल? समुपदेशक आठवड्यातून कितीदा येतो आणि कोणत्या दिवशी? भाडेकरार कुणाच्या नावे आहे? बाहेर काढायचं झालं तर किती दिवसांची सूचना? चौथ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर दोनदा विचार करा. एका भांडणावरून रात्रीत बॅग बाहेर, असं जिथे होऊ शकतं तिथे तुमचं घर नाही.

खोली घ्यायचीच असेल तर

घरमालक पालकांचा नंबर मागतो. खोटा काका उभा करू नका. संस्थेच्या अधीक्षकांचं पत्र आणि कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र द्या. करार 11 महिन्यांचा आणि नोंदणी केलेलाच हवा, भाडेकरूची पोलीस पडताळणीही करून घ्या. अठरा पूर्ण झाल्यामुळे सही तुमचीच चालते, आणि म्हणून जबाबदारीही तुमचीच.

नागपुरात खोली पाहायची ती एप्रिल-मेच्या दुपारी. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली स्वस्त असते, कारण रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या असतात. कूलर लागणारच. 180 वॉटचा कूलर रोज 12 तास चालला तर महिन्याला सुमारे 65 युनिट होतात. सबमीटरवर घरमालक 10 रुपये युनिट लावत असेल तर 650 रुपये, दोघांत 325. वरच्या हिशेबातला आकडा हाच. इंडक्शन शेगडी याच बोर्डावर लावलीत तर दीड-दोन हजार वॉटचा भार आणखी पडतो आणि ट्रिप व्हायला लागतं. स्वयंपाकाला 5 किलोचा छोटा सिलेंडर बरा. तो ओळखपत्रावर मिळतो, एकट्याला साधारण महिनाभर जातो.

कूलरबद्दल आणखी एक, आणि हे जिवाचं आहे. पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात पंप: वायरचं इन्सुलेशन उघडं पडलं की पूर्ण पेटीत करंट उतरतो. अर्थिंग धड असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर पाणी भरायला हात लावणाऱ्यालाच झटका बसतो. खोली घेताना वायरमनकडून प्लगवर टेस्ट लॅम्प लावून पाहा: फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा पूर्ण पेटला पाहिजे, मिणमिणला तर अर्थिंग नावापुरतं आहे. दोन पिनचा प्लग नको. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही.

नातेवाईक, लग्न आणि दिव्यांग मुलं

मामाकडे किंवा काकाकडे जाणं वाईट नाही, पण अनुरक्षणाचा आदेश आधी करून घ्या, म्हणजे तिथे जमलं नाही तर परतीची वाट राहील. मुलींच्या बाबतीत अठरा होताच लग्न हाच पुनर्वसनाचा मार्ग मानण्याची घाई अजून दिसते. लग्न हा निवासाचा पर्याय नाही. मुलीच्या हाती आधी कौशल्य, स्वतःचं खातं आणि दोन वर्षांची कमाई येऊ द्या, मग तिचं तिला ठरवू द्या.

बौद्धिक किंवा बहुविकलांग मुलांसाठी वरची तुलना पुरी पडत नाही. 21 किंवा 23 ची मर्यादा त्यांच्या उपयोगाची नाही, त्यांना आयुष्यभराचा आधार लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या बालगृहाचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, हीच मागणी वर्षानुवर्षं करत आले आहेत. अशा मुलांसाठी संजय गांधी निराधार योजना आणि राष्ट्रीय न्यासाचा 1 लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा हे अर्ज अठराच्या आधीच तयार ठेवावेत.

कागद आणि मोबाईल नंबर

कोणताही पर्याय निवडा, मूळ कागद संस्थेच्या कपाटात ठेवून बाहेर पडू नका. समितीचे आदेश, जन्मदाखला किंवा वयनिश्चितीचा आदेश, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास, अनाथ प्रमाणपत्र, आधार, उपचारांची फाईल. अनाथ प्रमाणपत्राचं काम महिला व बालविकासच्या विभागीय उपायुक्त कार्यालयातून होतं. ते संस्थेत असतानाच सोपं, बाहेर पडल्यावर एकेका सहीसाठी हेलपाटे. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही पाहा.

बँकेत अज्ञान (अल्पवयीन) म्हणून उघडलेलं खातं अठरानंतर नव्या केवायसीशिवाय आणि नव्या सहीशिवाय अडकतं. पंधराव्या वर्षी आधारचे ठसे अद्ययावत केलेले नसतील तर केवायसीही अडकते. आणि बहुतेकांच्या आधारला, खात्याला संस्थेचा मोबाईल नंबर जोडलेला असतो. चार हजार जमा होतात, पैसे काढायला ओटीपी मात्र ऑफिसातल्या कपाटावरच्या फोनवर जातो, आणि रविवारी ऑफिस बंद असतं. संस्था सोडायच्या आधी स्वतःच्या नावाचं सिम घ्या, आधारला तो नंबर जोडा, मग बँकेत जाऊन खात्याला जोडा, आणि शंभर रुपये काढून ओटीपी आपल्याच फोनवर येतो ना ते पाहा.